वस्तू खरी, गोष्ट खोटी

गडहिंग्लजहून चंदगडच्या वाटेला लागले की मध्ये नेसरी येते. इथल्या खिंडीजवळ सरसेनापती प्रतापराव गुजर आणि त्यांच्या साथीदारांचे स्मारक आहे. लोक येतात, माथा टेकतात, मुलांना गोष्ट सांगतात. मात्र लढाईच्या दिवशीची एकही वस्तू इथे नाही. प्रतापरावांची तलवार नाही, ढाल नाही, घोड्याचा लगाम नाही, की शिरस्त्राणाचा तुकडा नाही. ज्या लढाईने साऱ्या महाराष्ट्राला वेड लावले, तिच्या जागी हात लावून पाहावे असे काहीच उरलेले नाही.

तरीही नेसरीबद्दल कोणी शंका घेत नाही, आणि त्याला भक्कम कारण आहे. जेधे शकावलीत दिवसाची नोंद आहे: माघ वद्य चतुर्दशी, म्हणजे महाशिवरात्र, २४ फेब्रुवारी १६७४. सभासदाच्या बखरीत या लढाईमागची सल आली आहे. आदल्या वर्षी उमराणीला आदिलशाहीचा सरदार बहलोलखान कोंडीत सापडला असताना प्रतापरावांनी त्याला जाऊ दिले आणि शिवाजी महाराजांनी त्यांना त्याबद्दल कठोर बोल लावला. तिसरी साक्ष सर्वांत अनपेक्षित आहे. इंग्रजांचा दुभाषी नारायण शेणवी त्या वसंतात रायगडावर होता. १६७४ च्या एप्रिलमध्ये त्याने आपल्या इंग्रज मालकांना कळवले की महाराजांचा सेनापती दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत आणखी सहा स्वारांसह मारला गेला आणि बाकीचे सैन्य मदतीला पोचले नाही. एक आणि सहा, म्हणजे सात. कुसुमाग्रजांची कविता, हृदयनाथ मंगेशकरांची चाल आणि लता मंगेशकरांचा आवाज यांमुळे घरोघरी गेलेला हा आकडा कवीच्या मनातून निघालेला नाही. घटनेनंतर दोन महिन्यांच्या आत, पराक्रम गाण्याचे काही कारण नसलेल्या एका माणसाने तो कामाच्या पत्रात लिहून ठेवला होता.

म्हणजे नेसरीला वस्तू नाही, पण साक्ष आहे. याच्या अगदी उलटी स्थिती जगातल्या बहुतेक संग्रहालयांत आणि संग्राहकांच्या कपाटांत आढळते. तिथे वस्तू आहे, साक्ष लंगडी आहे. मग खरेपणा नेमका कशात असतो? लोखंडात, कापडात, की त्याबद्दल सांगणाऱ्या माणसाच्या शब्दात? हा प्रश्न दार्शनिक आहे आणि आपल्याकडच्या दर्शनांनी तो फार बारकाईने हाताळला आहे. पण तो रोज, पैसे मोजून, चुकलो तर खिशाला चटका बसेल अशा रीतीने सोडवणारी एक जमात जगात आहे. जुन्या जर्मन लष्करी टोप्या गोळा करणारे लोक ते.

टोप्यांचा आणि या मुलखाचा संबंध वाटतो तितका दूरचा नाही. दुसऱ्या महायुद्धात इटलीत भारताच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या डिव्हिजन लढल्या. त्यांत मराठा रेजिमेंटच्या पलटणी होत्या आणि समोर जर्मन होते. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात एकट्याने मशीनगनच्या मोर्चावर चालून गेले आणि तिथेच पडले. शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी जखमी सोबत्यांना गोळीबारातून बाहेर काढले आणि मग एकामागून एक मोर्चे बंद पाडले. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या रेजिमेंटचे केंद्र बेळगावला, म्हणजे नेसरीहून फार लांब नाही, आणि गडहिंग्लज, आजरा, चंदगड या भागातून सैन्यात जाण्याची रीत जुनी आहे. युद्ध संपल्यावर जगभरच्या सैनिकांनी हरलेल्या शत्रूचे बिल्ले, पट्टे, टोप्या, शिरस्त्राणे आठवण म्हणून घरी नेली. आज बाजारात फिरणाऱ्या अस्सल जर्मन टोप्यांचा मोठा भाग अशाच पेट्यांतून निघालेला आहे.

अस्सल टोप्या थोड्या आणि मागणी मोठी, त्यामुळे नकला ओतल्या गेल्या. म्हणून पारखणाऱ्याचे डोळे तयार झाले. अधिकाऱ्याची ताठ टोपी हातात आली की तो आधी ती उलटी करतो, कारण बाहेरचा बिल्ला कोणीही बसवू शकतो, पण आतली बाजू खोटी करणे कठीण. कपाळाला लागणारी चामड्याची पट्टी ऐंशी वर्षांत कशी वाळते, घामाने कुठे काळी पडते, शिवणीजवळ कशी तडकते, हे तो पाहतो. अस्तरावरचा बनवणाऱ्याचा छाप, डोक्याच्या मापाचा आकडा, पुढचे टोक कशाचे आहे, काठाच्या गोटाचा रंग कोणत्या दलाचा आहे, हे सगळे जुळवतो. पायदळाला पांढरा गोट, तोफखान्याला लाल, रणगाडा दलाला गुलाबी, घोडदळाला सोनेरी पिवळा. १९४३ साली आलेल्या मैदानी टोपीला पुढे बटणे असतात, आणि युद्धाच्या उत्तरार्धातल्या मालावर कारखान्याच्या नावाऐवजी पुष्कळदा नुसता सांकेतिक क्रमांक दिसतो. माल टंचाईचा होता, म्हणून त्या काळची अस्सल टोपी कधी कधी नकलेपेक्षा गचाळ शिवलेली असते. नवख्याला हे उमगत नाही. तो देखणी टोपी उचलतो आणि फसतो.

मग अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा लागतो. कापड आणि दोरा पांढराशुभ्र दिसावा म्हणून वापरली जाणारी चमकद्रव्ये युद्धानंतर सर्वत्र पसरली, आणि त्या दिव्याखाली ती निळसर उजळतात. बिल्ला शिवलेला दोरा चमकला तर तो बिल्ला १९४५ नंतर शिवला गेला असण्याचा दाट संभव. इथेही अनुभवी माणूस थांबतो. घरच्या कोणी ती टोपी नव्या साबणाच्या भुकटीत धुतली असेल तर अस्सल कापडही चमकते. आणि न चमकणारी टोपी खरीच असते असेही नाही, कारण जुनी लोकर आणि जुना दोरा मिळवून नवी टोपी शिवता येते. दिवा फक्त काही खोटेपणा उघड करतो. खरेपणाचा दाखला त्याला देता येत नाही.

अक्षपाद गौतमांच्या न्यायसूत्रांत ज्ञानाची चार साधने सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. टोपी पारखणारा माणूस न्यायदर्शनाचे नावही न ऐकता हीच चारी साधने वापरतो. हाताला लागणारी लोकर आणि नाकाला येणारा जुन्या चामड्याचा वास हे प्रत्यक्ष. चमकणाऱ्या दोऱ्यावरून शिवणीचा काळ ठरवणे हे अनुमान. उपमानाचे नैयायिकांचे उदाहरण तर आजरा-चंदगडच्या माणसाला समजावून सांगायलाच नको: रानात राहणारा सांगतो की गवय गाईसारखा असतो, आणि ऐकणारा पुढे रानात तसे जनावर पाहून ओळखतो की हाच तो. अस्सल टोपीचे वर्णन आधी ऐकायचे आणि मग समोरच्या टोपीत ते ओळखायचे, ही तीच रीत. राहिला शब्द, म्हणजे ही टोपी कोणी, कुठून, कधी आणली याचे कथन.

शब्दप्रमाणाबद्दल वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरच्या आपल्या भाष्यात जे म्हटले आहे ते अत्यंत उदार आहे, आणि त्याची आठवण आज वारंवार करून द्यावी असे आहे. ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जी जशी आहे तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे तो आप्त, आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असे तो सांगतो. साक्षीदाराचा धर्म, जात, देश पाहायचा नाही. त्याला ठाऊक होते का आणि तो सरळ बोलतो का, एवढेच पाहायचे. इंग्रजांच्या पगारावरच्या नारायण शेणव्याचे पत्र आपण प्रतापरावांच्या बाबतीत मानतो ते याच न्यायाने. पत्र आपल्या बाजूचे आहे की परक्याच्या, हा मुद्दाच उरत नाही.

यापुढे दर्शनांत मोठा वाद आहे. मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असते. एखादी गोष्ट कळली की ती खरी मानायची, बाधक पुरावा समोर येईपर्यंत. नैयायिक म्हणतात, नाही. ज्ञानाचा खरेपणा बाहेरून तपासावा लागतो, त्यावर विसंबून वागल्यावर ते फळते का हे पाहावे लागते. सर्वसामान्य माणूस आयुष्यात बहुतेक वेळा मीमांसक असतो आणि असायलाच हवा. आईने सांगितलेले आजोळचे नाव कोणी कागद मागून मानत नाही. प्रत्येक वाक्यावर पुरावा मागत बसले तर घर चालणार नाही. पण वस्तूला किंमत लागली, तिच्यावर राजकारण उभे राहिले, तिच्यापुढे हजारो माणसे रांगेत उभी राहिली, की नैयायिकाची शिस्त पाळावीच लागते. जिथे खोटे बोलण्यात कोणाचा तरी लाभ आहे तिथे भोळेपणाला जागा नाही.

ही शिस्त ढिली पडली की काय होते ते जर्मनीनेच जगाला दाखवले. स्टुटगार्टमध्ये कोनराड कुजाऊ नावाचा माणूस नाझी काळातल्या वस्तूंचा धंदा करत असे. पहिल्या महायुद्धातले एक अस्सल लष्करी शिरस्त्राण त्याच्याकडे होते. नुसत्या शिरस्त्राणाला फारशी किंमत नव्हती. त्याने सोबत हिटलरचा सहकारी रुडॉल्फ हेस याच्या नावाची एक चिठ्ठी तयार केली: हे शिरस्त्राण १९१७ च्या ऑक्टोबरमध्ये इप्रच्या आघाडीवर हिटलरने घातले होते. लोखंड शंभर टक्के खरे, चिठ्ठी शंभर टक्के खोटी, आणि किंमत चिठ्ठीला. कोणताही दिवा, कोणतेही भिंग त्या लोखंडावर टेकवले असते तरी ते अस्सलच ठरले असते.

याच कुजाऊने पुढे हिटलरच्या रोजनिशा लिहिल्या. १९८३ च्या एप्रिलमध्ये ‘श्टेर्न’ साप्ताहिकाने त्या गाजावाजाने जाहीर केल्या आणि त्यांच्यासाठी नव्वद लाखांहून अधिक मार्क मोजले गेले. हस्ताक्षरतज्ज्ञांनी अक्षर जुळल्याचा निर्वाळाही दिला होता. कारण अंगावर काटा आणणारे आहे. जुळवण्यासाठी दिलेल्या नमुन्यांत कुजाऊनेच आधी बनवलेली कागदपत्रे होती. उपमान मोडते ते असे. ज्याने गवय सांगितला त्यानेच गाय खोटी दाखवली होती. अखेर जर्मन संघराज्याच्या अभिलेखागाराने मे महिन्यात निकाल दिला: कागदात असे चमकद्रव्य होते जे कागदासाठी १९५० च्या दशकात वापरात आले. टोपीचा दोरा उघडा पाडणारा तोच निळसर उजेड.

आता हा चष्मा लावून आपल्याकडच्या काचेच्या पेटीकडे पाहू.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे तीन वर्षांच्या उसनवारीवर महाराष्ट्रात आली. ३ ऑक्टोबर २०२३ रोजी लंडनमध्ये करार झाला आणि १९ जुलै २०२४ पासून ती साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात मांडली गेली. लोकांची रीघ लागली. त्याआधीच कोल्हापूरचे इतिहास अभ्यासक इंद्रजित सावंत यांनी आक्षेप घेतला होता की अफझलखानाच्या भेटीतली वाघनखे ती हीच असे मानायला आधार नाही. आणि खुद्द लंडनचे संग्रहालय आपल्या नोंदीत हेच सांगते: ही वाघनखे महाराजांनी वापरली होती की नाही हे ठरवणे शक्य नाही.

पुरावा म्हणून जे आहे ते त्या वाघनखांच्या पेटीवरचा इंग्रजी मजकूर. त्याचा आशय असा की शिवाजीने ज्याने मुघल सेनापतीला मारले ते हे वाघनख, आणि ग्रँट डफ साताऱ्याला रेसिडेंट असताना पेशव्यांच्या प्रधानाने ते त्याला दिले. ग्रँट डफ मोठा अभ्यासू माणूस. १८१८ नंतर तो साताऱ्याला होता आणि १८२६ साली मराठ्यांचा इतिहास त्यानेच लिहिला. अफझलखान आदिलशाहीचा सरदार होता, मुघलांचा नव्हता, हे त्याला पक्के ठाऊक. मग पेटीवरची ही चूक कोणाची? ज्याला प्रसंग नीट माहीत नव्हता अशा कोणी तरी मजकूर घातला, असे अनुमान निघते. वात्स्यायनाच्या कसोटीला ही साक्ष तिथेच अडखळते: सांगणाऱ्याने गोष्ट स्वतः जाणलेली नाही. १० नोव्हेंबर १६५९ ची भेट आणि ही भेटवस्तू यांच्यात सुमारे १६० वर्षांचे अंतर आहे, आणि ते भरून काढणारा एकही कागद पेटीत नाही. शिवाय समकालीन कथनेही एकमुखी नाहीत. परमानंदाच्या शिवभारतात घाव तलवारीचा आहे, तर सभासद वाघनख आणि बिचवा दोन्ही सांगतो.

यातून वाघनखे खोटी ठरतात का? मुळीच नाही. ती जुनी वाघनखे आहेत. त्यांची गोष्ट सिद्ध झालेली नाही, इतकेच. ‘खोटी’ आणि ‘असिद्ध’ या दोन शब्दांतले अंतर आपल्या सार्वजनिक बोलण्यात पार पुसून गेले आहे, आणि ते पुन्हा आखून घेणे हे आजच्या इतिहासप्रेमी माणसाचे पहिले काम आहे. आक्षेप घेणाऱ्याला महाराजांचा वैरी ठरवणे आणि रांगेत उभ्या माणसाला अडाणी म्हणणे, दोन्ही सारखेच अन्यायाचे. रांगेतला माणूस महाराजांसाठी आला आहे. त्याला नीट माहिती देणे हे मांडणाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि ती माहिती ऐकून त्याची भक्ती ओसरेल असे समजणे हा त्या भक्तीचा अपमान आहे.

कोल्हापूरची ‘जगदंबा’ तलवार हे आणखी गुंतागुंतीचे प्रकरण. प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, १८७५-७६ मध्ये हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला तेव्हा कोल्हापूरच्या अल्पवयीन चौथ्या शिवाजी महाराजांकडून ती त्याच्याकडे गेली, आणि आज ती ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. १९८० साली मुख्यमंत्री झाल्यावर बॅरिस्टर अंतुले यांनी शिवाजी महाराजांची भवानी तलवार लंडनहून आणण्याची घोषणा केली तेव्हा या तलवारीचे नाव घरोघरी पोचले, आणि भवानी व जगदंबा एकच की वेगळ्या हा वाद पेटला. पण त्या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. तिचे पाते युरोपीय आहे. त्यावर आय-एच-एस ही अक्षरे उमटवलेली आहेत. ख्रिस्ती परंपरेत ती येशूच्या नावाची खूण.

काही जणांना हे ऐकून धक्का बसतो. बसू नये. सतराव्या शतकात गोवा आणि कोकणच्या बंदरांतून युरोपीय पाती दख्खनेत येत, इथे त्यांना आपली मूठ चढवली जाई आणि ती तलवार फिरंग म्हणून मिरवे. अशा पात्यांचे एक मोठे माहेर जर्मनीतले झोलिंगेन. तिथल्या लोहारांची कथा तर टोप्यांच्या नकलाकारांना शोभावी अशी. पासाऊ शहराच्या पात्यांवर धावत्या लांडग्याची खूण असे, ती त्यांनी उचलली. टोलेडोच्या आणि इटलीच्या नामवंत कारागिरांची नावे आपल्या पात्यांवर ठोकली, कारण त्या नावांना भाव होता. पुढे हिंदुस्थानी लोहारांनी त्याच परक्या खुणांची नक्कल केली. म्हणजे एखाद्या मराठा फिरंगेवर स्पॅनिश नाव, जर्मन पोलाद आणि दख्खनी मूठ असू शकते. यातले अस्सल काय? नाव खोटे, पोलाद उत्तम, आणि ज्याच्या हातात ती तळपली त्याचा पराक्रम खरा.

नागसेन भिक्षूने मिलिंद राजाला रथ दाखवून हाच प्रश्न विचारला होता: चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? कोणताही एक भाग रथ नव्हे. तलवारीचेही तेच. तिचे पाते कोणत्या देशात तापले यावर तिचे मराठापण ठरत नाही. ते ठरते ती कोणाच्या कमरेला होती, कोणत्या कामासाठी उपसली गेली यावर. आणि हे पोलाद सांगू शकत नाही. ते सांगायला पुन्हा माणसाचाच शब्द लागतो.

कधी कधी तो शब्द पोलादावरच कोरलेला मिळतो. महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतलेल्या तलवारीच्या पाठीवर देवनागरीत सेनासाहेब सुभा राघोजी भोसले यांचे नाव आणि ‘फिरंग’ हा शब्द आहे. पाते युरोपीय घडणीचे. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोचली. वाघनखांच्या मानाने तिची साक्ष कितीतरी बळकट, कारण सांगणारा अक्षरांचा ठसा वस्तूच्याच अंगावर आहे. तरी नैयायिक विचारेलच की कोरीव अक्षरे कधीची, कोरणारा कोण. त्याने विचारावे. त्या प्रश्नाने नागपूरकर भोसल्यांची प्रतिष्ठा कमी होत नाही.

आता धर्माकडे यायला हवे, कारण या साऱ्या गोंधळाचे मूळ तिथे आहे. आपल्या धार्मिक व्यवहारात अस्सलपणाची कल्पना संग्रहालयाहून पूर्ण वेगळी आहे. कोल्हापूरची अंबाबाई घ्या. आक्रमणांच्या काळात मूर्ती लपवून ठेवलेली होती आणि १७१५ मध्ये तिची पुन्हा स्थापना झाली. १९५५ मध्ये तिच्यावर वज्रलेप झाला. २०१५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांनी तिचे संवर्धन केले. टोपी पारखणाऱ्याच्या हिशेबाने इतकी दुरुस्ती झालेली वस्तू म्हणजे किंमत उतरलेली वस्तू. भक्ताच्या हिशेबाने यात काहीही उणे नाही, कारण मूर्तीचे देवपण दगडाच्या वयात नसून प्रतिष्ठेत आणि अखंड पूजेत आहे.

पंढरपूरचे उदाहरण याहून धीट. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या १९८४ च्या ग्रंथात माढ्याच्या विठ्ठलमूर्तीकडे लक्ष वेधले आणि मूळ मूर्ती कोणती, हा प्रश्न पुराव्यानिशी उभा केला. वाद झाला. पण वारी थांबली नाही, आणि ढेऱ्यांची विठ्ठलभक्तीही तसूभर हलली नाही. विद्वत्ता आणि भक्ती एका माणसात शेजारी शेजारी राहू शकतात, याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा सापडणे कठीण. गाभाऱ्यात प्राणप्रतिष्ठेचा न्याय चालतो, अभ्यासिकेत प्रमाणांचा. दोन्ही न्याय आपापल्या जागी पुरे आहेत.

बिघडते कधी? गाभाऱ्याचा न्याय काचेच्या पेटीला लावला जातो तेव्हा. पेटीतल्या वाघनखांची प्राणप्रतिष्ठा झालेली नाही. ती ‘अमुक दिवशी अमुक घडले’ या विधानाचा पुरावा म्हणून मांडलेली आहेत, आणि पुराव्याला पुराव्याच्याच कसोटीला उतरावे लागते. श्रद्धेला वस्तू खरी असण्याची गरज नसते. श्रद्धावंताने मात्र वस्तूबद्दल खरे बोललेच पाहिजे. ज्या राजाने महसुलाच्या नोंदी काटेकोर ठेवायला लावल्या, त्याच्या नावाने ढिसाळ चिठ्ठी चिकटवणे हे त्याच्याशी इमान राखणे नव्हे.

जर्मन टोपीच्या बाबतीत एक प्रश्न याहून अवघड आहे. महाराजांची वस्तू खरी निघाली तर आनंद होतो. नाझी अधिकाऱ्याची टोपी खरी निघाली तर काय व्हावे? ती ज्याने घातली तो कदाचित छळछावण्यांच्या राजवटीचा हस्तक होता. जर्मनीत या राजवटीच्या चिन्हांच्या जाहीर प्रदर्शनाला कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे. तरी अस्सल टोपीला किंमत आहे, कारण ती साक्ष आहे. नकली टोपी दोन बाजूंनी अपाय करते: ती घेणाऱ्याला फसवतेच, शिवाय त्या भयंकर काळाला वेषभूषेच्या सामानाच्या पातळीवर आणते. खऱ्या पुराव्याच्या ढिगात खोटा मिसळला की उद्या कोणी उठून सगळाच ढीग खोटा म्हणायला मोकळा. म्हणून पूजेसाठी टोपी जमवणारा आणि साक्षीसाठी जमवणारा, यांच्या कपाटात एकच वस्तू असली तरी ते एकच काम करत नाहीत. पहिल्याचा हेतू निंद्य आहे, दुसऱ्याचा आवश्यक.

या बाजारात भारतीयांना थेट भिडणारी एक वस्तूही फिरते. सुभाषचंद्र बोस जर्मनीत असताना उत्तर आफ्रिकेत पकडल्या गेलेल्या भारतीय युद्धकैद्यांतून एक सैन्यदल उभे राहिले. त्यात सुमारे ३००० माणसे होती. अंगात जर्मन गणवेश आणि बाहीवर तिरंग्यावर झेपावणारा वाघ, वर जर्मन भाषेत ‘स्वतंत्र भारत’. त्या बिल्ल्याच्या नकला उदंड आहेत. तो खरा आहे का, हा प्रश्न दोऱ्याने आणि दिव्याने काही अंशी सुटतो. तो घालणारा माणूस भुकेने गेला, सक्तीने गेला की देशासाठी गेला, हा प्रश्न कोणत्याही दिव्याने सुटत नाही. एकाच काळात एक भारतीय इटलीत जर्मनांवर गोळ्या झाडत होता आणि दुसरा जर्मन टोपी घालून कवायत करत होता, आणि दोघांचीही घरे हिंदुस्थानातल्या खेड्यांत होती. त्यांचे कपडेलत्ते उरले आहेत. त्यांचे शब्द फार थोडे उरले आहेत.

इटलीची लढाई पाहिलेले सैनिक आता जवळजवळ संपले. त्यांच्याकडून ऐकलेली मुलेही साठी-सत्तरी ओलांडून गेली. गडहिंग्लज-चंदगड पट्ट्यातल्या एखाद्या माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेत अशी टोपी, बिल्ला किंवा पट्टा निघाला तर त्याला साबण लावू नये, तुटलेली शिवण घालू नये, गंज घासू नये. सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावे आणि त्याच दिवशी सोबत एक कागद लिहावा. वस्तू कोणी आणली, कोणत्या पलटणीत होते, कोणत्या साली घरी आले, त्यांनी स्वतः काय सांगितले. जे लिहिणाऱ्याने त्यांच्याच तोंडून ऐकले ते वेगळे लिहावे, जे दुसऱ्याकडून कळले ते वेगळे, आणि जो केवळ अंदाज आहे त्यापुढे अंदाज असे स्पष्ट घालावे. खाली लिहिणाऱ्याचे नाव, नाते आणि तारीख.